वेळास ते मालवण : कासवाच्या मागे समुद्रात

कोकणात कासव बघायला येणारे बहुतेक जण शनिवारी पोहोचतात. संध्याकाळी आणि सकाळी पिल्लं पाण्यात जाताना बघतात आणि रविवारी दुपारी घरची वाट धरतात. आम्हाला त्यापुढचं बघायचं होतं. पिल्लू पाण्यात शिरल्यावर ज्या समुद्रात त्याला वाढायचंय, त्या समुद्राचं आपण काय करून ठेवलंय? माझी मावसबहीण कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि हा प्रश्न मुळात तिचाच. मार्चच्या अखेरीस दोघींनी रजा काढली आणि किनारा धरून दक्षिणेकडे निघालो.

शनिवार : बागमांडला, बाणकोट, वेळास

हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवली. सावित्रीच्या खाडीपलीकडे वेश्वी, तिथून बाणकोटच्या किल्ल्याखालून वळणावळणाचा रस्ता थेट वेळासला उतरतो. गाव नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून इतिहासात आहे. आता मात्र देशभरातून लोक येतात ते ऑलिव्ह रिडले कासवांसाठी.

2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने इथे काम सुरू केलं, तेव्हा कासवाची अंडी गावोगाव खाल्ली आणि विकली जात होती. माणसाच्या हातून सुटली तर कोल्हे आणि कुत्री वाळू उकरायची. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या पहिल्या अनुसूचीत हे कासव आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण त्याला कागदावर होतं. पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, रात्री गस्त घालणारं मात्र कोणी नव्हतं. संस्थेने गावातल्याच माणसांना हाताशी धरलं. जो अंडी शोधण्यात तरबेज, तोच राखणीला सगळ्यांत उपयोगी, हे त्यांनी ओळखलं. माद्यांची पावलं वाळूत कशी उमटतात, खड्डा नेमका कुठे असेल, हे पुस्तकात वाचून कळत नाही.

पाच वाजता पुळणीवर गेलो. गावापासून वाट शेतांतून आणि खाडीवरच्या साकवावरून जाते. पुळणीच्या वरच्या अंगाला जाळीचं कुंपण घातलेली हॅचरी, म्हणजे अंडी राखून उबवायची जागा. आत ओळीने घरटी, प्रत्येकावर पाटी: अंडी कधी आणली, किती आणली. मुदत भरत आलेल्या घरट्यांवर बांबूच्या टोपल्या पालथ्या घातलेल्या.

कासवमित्राने, म्हणजे घरटी राखणाऱ्या गावकऱ्याने, समजावून सांगितलं ते असं. मादी रात्री भरतीच्या रेषेच्या वर येते, मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी साधारण दीड फूट खोल, वर अरुंद आणि तळाशी रुंद असा खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून अंगाने थापटते आणि परत जाते. पुन्हा घरट्याकडे फिरकत नाही. पहाटे गस्त घालणारा माणूस माग काढत येतो, अंडी हळूच काढून हॅचरीत तशाच मापाच्या खड्ड्यात ठेवतो. पंचेचाळीस ते पंचावन्न दिवसांनी पिल्लं वाळू सारत वर येतात. वाळू थंड असली तर नर जास्त, तापलेली असली तर माद्या जास्त. पृथ्वी तापत चालली तर पुढे नर कुठून येणार, हा प्रश्न इथल्या वाळूत रोज लिहिला जातोय. काही किनाऱ्यांवर हॅचरीवर सावलीसाठी कापड बांधायला लागलेत, तेही बहिणीने सांगितलं.

सहा वाजता टोपल्या उचलल्या. दोन रिकाम्या निघाल्या. तिसरीखाली राखाडी, ओलसर, तळहातात मावतील अशी पिल्लं वळवळत होती. पाण्यापासून काही अंतरावर दोरी बांधून ठेवलेली, लोक दोरीच्या पलीकडे. पिल्लांना पाण्यात नेऊन सोडत नाहीत, वाळूवर ठेवतात. ती स्वतःच्या पायांनी चालत गेली पाहिजेत, कारण त्या चालण्यात आणि पुढच्या पोहण्यात ती आपला किनारा लक्षात ठेवतात असं मानलं जातं. मोठी झालेली मादी अंडी घालायला त्याच परिसरात परतते. शेजारी उभी असलेली एक छोटी मुलगी प्रत्येक लाटेला ‘गेलं, गेलं!’ म्हणून ओरडत होती आणि तिचे आजोबा डोळे पुसत होते. मलाही भरून आलं.

रात्री मुक्काम गावातल्याच एका घरी. काकूंनी भात, कुळथाचं पिठलं, सोलकढी आणि उकडीचे मोदक वाढले. या दीड-दोन महिन्यांच्या पाहुण्यांवर त्यांच्या घराला रंग लागतो, मुलीच्या शिक्षणाचा खर्च निघतो. त्या म्हणाल्या, “पूर्वी कासवाचं अंडं दिसलं की पैसा होता. आता ते राहिलं तर पैसा आहे.” वेळासचं यश त्यांच्या या वाक्यात आहे. इथे संरक्षण टिकलं, कारण ते गावाच्या पदरात काही टाकतं.

रविवार : वेळास, आंजर्ले

सकाळी सातला पुन्हा टोपल्या उचलल्या. यावेळी एकही पिल्लू नव्हतं. पुण्याहून आलेला एक मोठा गट नाराज झाला आणि कोणीतरी कासवमित्राला ‘थोडं उकरून बघा ना’ असं म्हणालं. तो शांतपणे म्हणाला, “त्यांची वेळ झाली की ती येतील.” अशा ठिकाणी पाहुण्यांची गर्दी वाढत जाते तसा हा ताण वाढणार. फोटोचा फ्लॅश, रात्री पुळणीवर विजेऱ्या, संगीत, गाड्या. पिल्लं उजेडाकडे जातात. हजारो वर्षं रात्री सगळ्यांत उजळ बाजू समुद्राची असायची, म्हणून ती वाट चुकत नव्हती. मागे हॉटेलाचा दिवा जळत असेल, तर ती उलटी जमिनीकडे चालत जातात आणि सकाळी उन्हात वाळून मरतात. मला वाटतं, कासवाच्या हंगामात पुळणीकडे तोंड करून असलेले दिवे बंद ठेवायचा ठराव किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने करावा. त्याला पैसे लागत नाहीत.

केळशीवरून आंजर्ल्याला दुपारी पोहोचलो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या. नव्या लावलेल्या पोफळी आता कुठे माणसाच्या डोक्यावर गेल्यात. कड्यावरच्या गणपतीपासून खाली पाहिलं की पुळणीची रेघ आणि तिच्या मागे सुरूचं बन दिसतं. सुरू वारा अडवते म्हणून लावली, पण तिची मुळं आणि पडलेल्या काड्यांचा थर वाळूच्या वरच्या भागात कासवाला खणू देत नाही, असं कासवावर काम करणारे लोक बऱ्याच वर्षांपासून सांगतायत. किनारा वाचवण्यासाठी केलेलं प्रत्येक काम किनाऱ्यावर राहणाऱ्या जिवाला मानवतंच असं नाही.

2022 च्या जानेवारी-फेब्रुवारीत भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पहिल्यांदाच ऑलिव्ह रिडले माद्यांच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवले गेले. राज्याचा कांदळवन (खारफुटी) कक्ष आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी मिळून ते केलं. वेळासची ‘प्रथमा’, आंजर्ल्याची ‘सावनी’, आणि गुहागरच्या ‘वनश्री’, ‘रेवा’ आणि ‘लक्ष्मी’. तोपर्यंत आपल्या किनाऱ्यावर अंडी घालणारी कासवं वर्षाचे बाकीचे महिने कुठे असतात, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. संध्याकाळी आंजर्ल्याच्या पुळणीवर एकच टोपली उचलली गेली, बारा-पंधरा पिल्लं निघाली आणि आम्ही सात-आठ माणसं गुपचूप बघत राहिलो. वेळासच्या गर्दीपेक्षा हे मला जास्त आवडलं.

सोमवार : दाभोळ, गुहागर

दाभोळ-धोपावे फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडली. गुहागरचा किनारा लांबच लांब, आणि अलीकडच्या वर्षांत इथे घरट्यांची संख्या चांगली आहे. इथेच 2023 मध्ये ‘बागेश्री’ आणि ‘गुहा’ या दोन माद्यांना टॅग लावले. बागेश्री किनाऱ्याने खाली कर्नाटक, केरळ करत श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली.

त्याहून मोठी गोष्ट 2025 च्या जानेवारीत घडली. गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर धातूची पट्टी सापडली. तिच्यावरचा क्रमांक तपासला तेव्हा कळलं की ती 2021 मध्ये ओडिशात लावलेली होती. म्हणजे गहिरमाथा-ऋषिकुल्याच्या बाजूला ज्या लाखो माद्या एकाच वेळी वाळूवर येतात, त्यांच्यातली ही एक, आणि इकडे कोकणात येऊन शांतपणे एकटी अंडी घालून गेली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवं वेगळी, असं आजवर समजलं जायचं. ती समजूत या एका मादीने हलवली.

बहीण त्या रात्री जेवताना बराच वेळ यावरच बोलत होती. ओडिशातून इथे यायला त्या कासवाला तीन-साडेतीन हजार किलोमीटर पोहायला लागलं. वाटेत आंध्र, तमिळनाडू, श्रीलंका, केरळ, कर्नाटक, गोवा. प्रत्येक राज्याचे मासेमारीचे नियम वेगळे, बंदीचे दिवसही पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून आणि आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै. त्या मादीला यातली एकही सीमा माहीत नाही. आम्ही वेळासला जपून सोडलेलं पिल्लू या सगळ्यांच्या पाण्यातून जाणार. हजारातलं एखादंच मोठं होतं असं म्हणतात. निसर्गाचा हिशेबच तसा आहे, मासे, पक्षी आणि खेकडे यांनाही त्यातून खायचंय. पण वाचून मोठी झालेली, दहा-पंधरा वर्षांनी पहिल्यांदा अंडी घालायला निघालेली मादी जेव्हा जाळ्यात मरते, तेव्हा तो हिशेब कोलमडतो. तिची जागा भरून काढायला पुन्हा तितकीच वर्षं आणि हजारो अंडी लागतात.

मंगळवार : जयगड, रत्नागिरी

तवसाळ-जयगड ही आमची तिसरी खाडी, शास्त्रीची. मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे. रस्ता सुंदर आहे आणि त्याबद्दल भरपूर लिहून झालंय. रत्नागिरीत झाडगावच्या सागरी संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय बघितलं. तिथला व्हेलचा सांगाडा प्रत्येक शाळेच्या सहलीने बघावा असा आहे.

बुधवार : मिरकरवाडा

पहाटे पाचला मिरकरवाडा बंदरात पोहोचलो. ज्याला समुद्राची काळजी आहे त्याने एकदा तरी मोठ्या बंदरात पहाटे उभं राहावं, असं मला त्या दिवसापासून वाटतं. पुळणीवर जे कळत नाही, ते इथे एका तासात कळतं.

नौका लागत होत्या. बर्फाची यंत्रं घरघरत होती, क्रेट हातोहात फिरत होते, बायका टोपल्या घेऊन लिलावाभोवती कोंडाळं करून होत्या. मोठी मासळी बाजूला होत होती: सुरमई, हलवा, म्हाकूल, राणी मासा, कोळंबी. आणि एका कडेला एक ढीग वाढत होता. त्यात बोटभर बांगडे, रुपयाएवढी पापलेटं, वाकटीची पिल्लं, बारके खेकडे, समुद्रसाप, शंख, नाव न सांगता येणारे कितीतरी जीव, सगळे एकत्र चेंदलेले. हा माल माणसाच्या ताटात जात नाही. सुकवून, दळून कोंबडीखाद्यात, मत्स्यखाद्यात आणि खतात जातो. ट्रॉलरचं जाळं समुद्राच्या तळावरून ओढत नेतात, त्याच्या वाटेत जे येईल ते त्यात येतं. कासवाला श्वास घ्यायला पाण्यावर यावं लागतं. ओढत्या जाळ्यात तास-दीड तास अडकलं, की ते बुडून मरतं. समुद्रात जन्म काढणारा जीव पाण्यात बुडून मरतो, यावर बहुतेकांचा विश्वास बसत नाही.

याला उपाय आहे, आणि तो साधा आहे. ट्रॉलच्या पिशवीच्या तोंडाशी गजांची तिरकी जाळी बसवायची, तिच्या वर एक झडप ठेवायची. कोळंबी आणि मासे गजांमधून आत जातात, कासव गजांना आपटून झडपेतून बाहेर पडतं. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने भारतीय नौकांसाठी असं उपकरण बनवलंय. अमेरिकेने 2019 पासून भारताच्या समुद्रातल्या कोळंबीची आयात थांबवली, ती याच कारणाने: आपल्या ट्रॉलरवर ते उपकरण नाही. तळ्यात वाढवलेल्या कोळंबीला ही बंदी लागू नाही.

एका नौकेवरच्या तांडेलाला, म्हणजे नौकेच्या प्रमुखाला, मी या झडपेबद्दल विचारलं. चहा पीत पीत तो सरळ बोलला. म्हणाला, “ताई, झडपेतून कासवाबरोबर थोडी मासळी पण जाते. मालकाला डिझेलचा खर्च आहे, आम्हाला वाटा आहे. शेजारच्या नौकेने लावली नाही आणि मी एकट्याने लावली, तर मी बुडतो. सगळ्यांना लावायला लावा, मी उद्या लावतो.” त्याच्या बोलण्यात मला खोट दिसली नाही. नियम आहे पण सगळ्यांवर सारखा चालत नाही, तेव्हा प्रामाणिक माणूसच तोट्यात जातो.

2023 मध्ये राज्य सरकारने 54 जातींच्या माशांसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवून दिलं. पापलेट 135 मिलिमीटर, सुरमई 370. एकदा तरी अंडी घालून झालेला मासाच धरावा, हा त्यामागचा विचार. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. मी पर्समधली शिवणकामाची टेप काढून त्या कडेच्या ढिगातली चार पापलेटं मोजली. चारही 100 मिलिमीटरच्या आत. मोजताना माझ्याभोवती जमलेल्या बायकांपैकी एक मावशी म्हणाली, “हे मोजून काय होणार, धरायच्या आधी मोजा.”

त्यानंतर वेंगुर्ल्यापर्यंतचा लांब प्रवास. आम्ही दोघीही फार बोललो नाही.

गुरुवार : वेंगुर्ला, मांडवी खाडी

सकाळी मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिलांची कांदळवन सफर केली. 2017 पासून या बायका पर्यटकांना होडीतून खाडी दाखवतात, वल्हं स्वतः मारतात. मच्छीमार घरांतल्या बायका आहेत, खाडी त्यांना अंगणासारखी ठाऊक.

होडी हळूहळू झाडीत शिरली. पांढरी चिप्पी, जिला 2020 मध्ये महाराष्ट्राने राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला, तिच्या बुंध्याभोवती चिखलातून शेकडो टोकदार मुळं वर आलेली. “ह्या चिप्पीची मुळां बघा, श्वास घेतत ती,” वल्हं मारणारी ताई म्हणाली. “मासळीची पोरां हयच वाढतत.” भरतीला पाणी मुळांत शिरतं, बारीक मासे आणि कोळंबीची पिल्लं त्या गुंत्यात लपतात. ओहोटीला चिखलावर लाल नांगीचे खेकडे बाहेर येतात. खंड्या, बगळे, कोंबड्याएवढ्या घोरपडी. दोन-अडीच तासांत मी जितके जीव बघितले, तितके कुठल्याही अभयारण्यात जीपमधून बघितले नव्हते.

मिरकरवाड्याच्या ढिगातले कितीतरी मासे आयुष्याचे पहिले आठवडे अशाच मुळांत काढतात. किनाऱ्यावर बांधकामासाठी भराव टाकून कांदळ मारली जाते, तेव्हा त्याची किंमत बंदरात मोजली जाते, पण तिथे ती कोणी या खात्यावर मांडत नाही. मुंबईत राहणाऱ्या आपल्या सगळ्यांना हे जास्त लागू आहे.

संध्याकाळी परुळ्यावरून मालवणला आलो.

शुक्रवार : मालवण, पाण्याखाली

मालवण सागरी अभयारण्य 13 एप्रिल 1987 ला जाहीर झालं. सुमारे 29 चौरस किलोमीटरचं पाणी, त्यातला गाभ्याचा भाग सव्वातीन चौरस किलोमीटरही नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आणि पद्मगडाच्या आसपासचा खडकाळ तळ त्यात येतो, आणि त्या खडकांवर प्रवाळ आहे. महाराष्ट्रात प्रवाळ आहे हे अजूनही पुष्कळांना माहीत नसतं. इथून शंभरेक किलोमीटर आत, खोल समुद्रात, आंग्रिया बँक नावाचं पाण्याखालचं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. तिथलं प्रवाळ तर त्याहून समृद्ध.

अभयारण्याला मच्छीमारांचा सुरुवातीपासून विरोध होता. त्यांना विचारलंच नाही, हे त्यांचं म्हणणं. ते मला पटतं. ज्यांची रोजची मासेमारी त्या पाण्यात आहे, त्यांच्या डोक्यावरून आखलेली रेघ पाण्यात टिकत नाही. वेळासला रेघ आखायच्या आधी माणसं जोडली गेली. मालवणला क्रम उलटा झाला.

सकाळी मुखवटा आणि नळी लावून पाण्यात उतरले. बरोबर प्रशिक्षक होता. दोन-तीन मीटर खाली पिवळ्या पट्ट्यांचे मासे, फुलपाखरू मासे, खडकाला चिकटलेले गोलाकार प्रवाळ, त्यांच्यावर डोलणारी बारीक बोटं. प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला रंग आणि बरंचसं अन्न देतं. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापून राहिलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. पाणी लवकर निवलं तर ते सावरतं, नाही तर मरतं. 2024 मध्ये जगभर एकाच वेळी प्रवाळ पांढरं पडत असल्याचं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. मला तिथे पांढरे ठिपके दिसले, काही ठिकाणी मेलेल्या प्रवाळावर हिरवट बुरशीसारखा थर.

आणि दिसली माणसं. एका बोटीतून उतरवलेल्या लोकांना फोटोसाठी सरळ प्रवाळावर उभं केलं जात होतं. कोणीतरी मासे जमावेत म्हणून पावाचा चुरा सोडत होतं. दुसऱ्या बोटीचा नांगर खडकात रुतलेला. प्रवाळ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर ते एखादा सेंटिमीटर वाढतं. एका नांगराने मोडलेला गोळा माझ्या जन्माआधीचा असू शकतो. नांगर टाकायची गरजच पडू नये म्हणून कायमची तरंगती बोयरी बांधता येतात. पोहता न येणाऱ्याला खडकापासून लांब, वाळूच्या तळावर उतरवता येतं. आमचा प्रशिक्षक तसंच करत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचा राग मला मुखवट्यातूनही कळला. पाण्याबाहेर आल्यावर म्हणाला, “ह्या प्रवाळार माझा पोट असा. ह्यांका सांगून सांगून थकलंय.”

दुपारी भरड नाक्यावर एका खानावळीत जेवलो. मेन्यूवर सुरमई होती, ताटात आली ती वीतभर लांबीच्या माशाची. बहिणीने मालकिणीला बोलावून 370 मिलिमीटरची गोष्ट सांगितली. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “गिऱ्हाईक एका थाळीत एक अख्खी तुकडी मागतं. मोठ्या सुरमईची तुकडी दोनशेला परवडत नाही. मग मी काय करू?” उत्तर होतं बांगडा, पेडवे, तारली. भरपूर पिकणारे, लवकर वाढणारे मासे. आम्ही बांगड्याचं तिखलं मागवलं.

शनिवार : मालवण, रापण

शेवटच्या दिवशी पहाटे चिवल्याच्या किनाऱ्यावर रापण ओढताना बघायला गेलो. लांबलचक जाळं होडीतून समुद्रात अर्धवर्तुळात सोडतात आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात. तीस-चाळीस माणसं, त्यांत म्हातारे, तरुण, बायका. ज्याने हात लावला त्याला वाटा. उन्हं चढत होती तसं जाळं जवळ आलं. मासळी फार नव्हती: थोडे बांगडे, मोदकं, पेडवे. आणि पर्यटकांच्या पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, नायलॉनच्या जाळ्याचा एक मोठा गुंता. पूर्वी जाळी सुताची असायची, हरवली तर सडायची. नायलॉन सडत नाही. समुद्रात तुटलेलं जाळं वर्षानुवर्षं मासे, कासवं, डॉल्फिन धरत राहतं, कोणासाठीही नाही. डहाणूच्या कासव शुश्रूषा केंद्रात वल्हं तुटलेली कासवं येतात, त्यांतली बरीच अशाच जाळ्यांत अडकलेली.

एका वयस्क रापणकराजवळ बसलो. काका म्हणाले, “कासव गावला तर आमी पयल्यापासून सोडतो. देव तो. पन जाळा फाटला तर भरून कोण देतलो?” त्यावर त्यांच्याच मुलाने मोबाइल काढून दाखवला. 2018 च्या अखेरीपासून एक योजना आहे: जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, त्याचं चित्रण केलं, तर नुकसानभरपाई म्हणून 25,000 रुपयांपर्यंत मिळतात. मुलाच्या मोबाइलवर गेल्या वर्षीचं चित्रण होतं. चार माणसं कोयत्याने जाळं कापतायत, कासवाची मान मोकळी होते, कोणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवून नमस्कार करतं, मग ते पाण्यात जातं. पैसे मिळाले का, म्हणून विचारलं. मिळाले, म्हणाला, पण वेळ लागला.

ही योजना मला सगळ्या प्रवासात सर्वांत शहाणी वाटली. वेळासच्या काकूंना जसं कासव राहिल्यावर पैसा आहे, तसंच इथेही. पण मोठ्या जाळ्याची किंमत लाखांत जाते आणि हा आकडा अजून तिथेच आहे. तो वाढला पाहिजे, आणि पैसे महिन्याच्या आत खात्यात आले पाहिजेत.

काकांचा खरा राग मात्र दुसरीकडे होता. मोठ्या नौकांवर जनित्र लावून हजारो वॅटचे एलईडी दिवे पाण्यावर सोडतात. उजेडाला सगळी मासळी वर येते, लहान-मोठी, अंड्यांनी भरलेली गाभोळी सगळी, आणि मग पर्ससीन जाळ्याने थव्याभोवती फेर धरून खालची दोरी बटव्यासारखी आवळतात. थवाच्या थवा संपतो. केंद्राने 2017 मध्येच दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, राज्याने 2021 मध्ये कायदा दुरुस्त करून दंड लाखांत नेला, 2025 पासून किनाऱ्यावर ड्रोन फिरतायत. तरी रात्री क्षितिजावर दिवे दिसतात, असं त्यांचं म्हणणं. “ते लायटी लावन रातीचो दिवस करतत. मगे रापणीक काय गावतला?”

मी त्यांना मिरकरवाड्यात मोजलेल्या पापलेटांबद्दल सांगितलं. त्यांना 54 जातींचा नियम पाठ होता. त्यांच्या मच्छीमार सोसायटीच्या भिंतीवर तो तक्ता लावलाय. “नियम बरो असा,” ते म्हणाले. “पन पट्टी घेवन बंदरार कोण उभो रवता?”

कोणी तरी उभं राहायला हवं, आणि त्या माणसाला पगार हवा, अधिकार हवा, आणि लिलावाआधी ढीग थांबवता यावा इतकं बळ हवं. वेळासला पुळणीवर रात्री गस्त घालणारे लोक गावातून मिळाले आणि 2002 पासून ते टिकले. बंदरावर मोजणाऱ्या माणसांची भरती किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरांतूनच व्हावी, ही मागणी आम्ही दोघींनी तिथेच बसून लिहिली. काकांनी ती ऐकली, दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली आणि सोसायटीच्या लोकांच्या सह्या सोमवारपर्यंत घेऊन ठेवतो म्हणाले.